आजाराचं सोंग, ढोंग, बतावणी की कांगावा? नेमका शब्द सुचवा

तापीकाठची:
मंडळी, अडचण शब्दाचीच आहे म्हणून इथे विचारते. आमचा एक खाण्यापिण्याचा ग्रुप आहे, कळण्याची भाकरी, फौजदारी डाळ, बिबडे असल्या गप्पांचा, जळगाव-धुळ्याच्या आणि बाहेर दिलेल्या लेकींचा. त्यात एक बाई आठ महिने स्वतःच्या मुलीच्या ब्लड कॅन्सरचं सांगत होत्या, आज प्लेटलेट उतरल्या, उद्या केमो, आम्ही रात्री दोन-दोनला जागून धीर देत होतो, माझी आई तर कानबाईला नवस बोलली. मग मुलगी गेली. निरोप बाईंच्या बहिणीने दिला, वेगळ्या नंबरवरून, आणि शेवटी लिहिलं 'धन्यवाद्'. द चा पाय मोडून! बाई आठ महिने नेमकं तसंच लिहीत होत्या. बाकी कोणाला काही वाटलं नाही, मला तो हलन्त टोचला (शुद्धलेखनाचा किडा, दुसरं काय). विचारत विचारत गेलो तर ना मुलगी, ना बहीण, ना आजार. पैसे मात्र एक रुपया मागितला नाही, चाळीसगावची एकजण देत होती तर नको म्हणाल्या. आता ग्रुपवर दोन ओळी टाकायच्यात. 'फसवणूक' लिहिलं की पोलीसकेस वाटते. ढोंग चालेल?

शेवभाजी_धुळे:
ढोंग नको. आजाराचं ढोंग म्हणतात लोक, नाही असं नाही, पण नुसतं 'ढोंगी' म्हटलं की डोळ्यासमोर बुवाच येतो, ढोंग मुळात चांगुलपणाचं. बतावणी बघा, पेपरात रोज असते, 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले', म्हणजे बतावणीच्या पुढे दागिने जातातच. इथे काहीच गेलं नाही. आणि कांगाव्याला समोर कोणीतरी आरोपी लागतो. आजारावर कसला कांगावा करणार.

बखरबहाद्दर:
तोतया? पानिपतानंतर (1761) मीच सदाशिवरावभाऊ म्हणून एकजण उभा राहिला, कित्येकांनी मानलं पण, शेवटी 1776 मध्ये देहदंड झाला.

शेवभाजी_धुळे:
तोतया खऱ्या माणसाचा होतो हो. ही मुलगी कधी जन्मलीच नाही.

गोळी_दिवसातून_दोनदा:
मी डॉक्टर आहे, भुसावळकडचा. आमच्यात दोन वेगळे कप्पे आहेत ते सांगतो, शब्द निवडायला बरं पडेल. सुट्टी, विम्याचे पैसे, कोर्टाची तारीख चुकवणं, यासाठी आजारी पडणारा एक, त्याला आम्ही आजार मानत नाही. दुसरा असा की ज्याला बाहेरचं काही नकोच असतं, पेशंट होणं हेच हवं असतं. 1951 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा लोकांवर लिहिलं आणि थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जर्मन बॅरनचं नाव दिलं, मुनचाउसन सिंड्रोम. पण तेव्हा दवाखान्यात यावं लागायचं, पोटावर जुन्या ऑपरेशनचे व्रण घेऊन. आता मोबाईल पुरतो. 2000 साली मार्क फेल्डमन या मानसोपचारतज्ज्ञांनी इंटरनेटवरच्या मुनचाउसनबद्दल लिहिलं, त्यातल्या खुणा तुमच्या बाईंना लागू पडतात का बघा: जिवावरचं संकट आणि लगेच चमत्कार, ग्रुपचं लक्ष दुसऱ्या कोणाकडे गेलं की हिची तब्येत बिघडणार, आणि घरचे म्हणून जे लिहितात त्यांची भाषा तीच. लगेच 2001 मध्ये अमेरिकेत केसी निकोल नावाची ल्युकेमियाची (म्हणजे ब्लड कॅन्सरचीच) मुलगी वारल्याचं कळून हजारो लोक रडले, ती नव्हतीच, एका मध्यमवयीन बाईने उभी केली होती.

तापीकाठची:
अगंबाई. आमच्यात एकीला जुळी झाली त्याच रात्री हिची मुलगी व्हेंटिलेटरवर गेली होती.

साक्रीचा_पावणा:
मग सोंगच लिहा ना. आमची आजी शाळा बुडवणाऱ्या पोरीला बघून म्हणायची, "तिले काहीच व्हयेल नही, सोंग करी ऱ्हायनी." त्यात पैसा नाही, गुन्हा नाही, आणि सोंगाला बघणारा लागतो, एकट्याने सोंग होत नाही. फक्त एक खटकतं. आमच्याकडे भोवाड्यात सोंगं निघतात, रात्रभर, गणपती, रावण, तोंडावर एवढा मोठा मुखवटा, पण आत कोण नाचतोय ते लहान पोरालाही माहीत असतं, हा तर वरच्या आळीतला, म्हणतात. आणि सकाळी मुखवटा उतरवला की तोच माणूस घामेघूम ओट्यावर चहा पित बसतो. तुमच्या बाईंना उतरवायला ओटाच नव्हता म्हणून पोरगी मारावी लागली असं मला वाटतं.

शेवभाजी_धुळे:
सोंग ला +1. पण क्रियापद सांभाळा. सोंग घेतो तो स्वतःपुरता, झोपेचं सोंग घेतो तसा. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' मधलं आणणं म्हणजे नसलेली वस्तू उभी करणं.

तापीकाठची:
टाकलं. "त्यांनी मुलीच्या आजाराचं सोंग आणलं होतं, पैशांचा व्यवहार झालेला नाही, कोणी त्यांना फोन करून बोलू नये." दहा मिनिटांत बाई ग्रुप सोडून गेल्या, जाताना एकच शब्द, पाय मोडलेला. आई विचारतेय नवस फेडायचा की नाही.