विषय : गावच्या शाळेसाठी वर्कशीट

सचिवांकडून

मंडळी, नमस्कार.
वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या शाळेसाठी इथं परदेशात वाढणाऱ्या आपल्या मंडळाच्या मुलांनी साठेक वर्कशीट तयार केली आहेत. सगळी रंगीत, चित्रांसकट. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर शंभर करायचा विचार आहे. प्रूफ कोण बघेल?

सदस्या, माहेर आर्वीकडचं

दादा, प्रूफ बघितलं आणि वहिनीलाही फोन केला. ती तिथं दुसरी-तिसरी एकाच खोलीत घेते. तिनं दोन पानं तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली, तर उजवी कड छाटलेली. आपली फाइल लेटर साइजची, २१६ मिलिमीटर रुंद. तिकडं सगळीकडे ए-फोर, म्हणजे २१०. तेवढ्यात उत्तराची चौकट अर्धी गेली! पिवळ्यावरचं लाल अक्षरही झेरॉक्समध्ये राखाडीवर राखाडी आलं.

हे सोपं, तासाभरात दुरुस्त होईल. खरी गोची 'प'च्या पानावर आहे. तिथं पेरू काढलाय. वहिनीच्या शब्दांत, "पोट्टं चित्र पाहून जांब म्हन्ते न मंग ज शोधत बसते वो." आमच्याकडे पेरूला जांबच म्हणतात. कोथिंबीर काढाल तर तिला ते सांबार म्हणणार (आणि इडलीबरोबरचं नव्हे!). हुशार पोर अंदाजानं निभावून नेतं. ज्याला वाचायलाच जड जातं ते तिथंच पेन्सिल ठेवतं, आणि ही पानं तर त्याच्यासाठीच आहेत ना?

शिवाय ल आणि श. आपल्या फाँटात हिंदी वळणाचा दांडीचा ल न् गाठीचा श आलाय. राज्य सरकारनं २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. अक्षर ओळखतानाच अडखळणाऱ्याला एका अक्षराची दोन रूपं कशाला दाखवायची?

ज्येष्ठ सदस्य

फाँटचं मी बघतो. फाँट नीट असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडली की ल-श आपसूक बदलतात. मात्र पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर तिकडच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तेच.
पण ताई, मुलांना प्रमाण शब्द यायला नकोत का? परीक्षेत जांब कसं चालेल?

सदस्या

यायलाच हवेत, काका. पण अक्षर ओळखायचं पान हे शब्द शिकवायचं पान नव्हे. 'प'ला पतंग काढा, भांडणच मिटलं. पेरू पुढच्या पानावर आणू, शेजारी जांब लिहून. वहिनी फळ्यावर तसंच करते.

आणि तिची खरी मागणी गणिताची आहे. 'एकवीस' म्हणताना एक आधी ऐकू येतो, म्हणून मुलं १२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याच ईमेल लिस्टवर आपण किती हसलो होतो! वहिनी तेव्हाही हसली नव्हती. तिला नुसत्या या घोटाळ्यावरची दहा पानं हवीत : दहा काड्यांची जुडी, शेजारी सुट्या काड्या, मग आकडा. मोजायला सफरचंदं नकोत, कपाशीची बोंडं काढा.

एका पानावर एकच गोष्ट ठेवा. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की काही मुलं आईबरोबर शेतात जातात, आठ-आठ दिवस शाळेत दिसत नाहीत. आली की कुठलंही पान हातात घेऊन बसता आलं पाहिजे, मागचं पान झालं नाही म्हणून अडायला नको.

सचिवांकडून

शंभरचा आकडा मागे घेतला. आधी ही दहाच पानं, काळी-पांढरी, ए-फोर. शनिवारी रात्री साडेनऊला वहिनींना फोनवर घेऊ, त्यांच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असेल. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचं पान करायचं नाही.

एक अडचण आहे. बोंडाचं चित्र कोण काढणार? आमच्या मुलीनं आत्ताच विचारलं, कापूस झाडाला लागतो का?