आठवीच्या पोरांना "जेवणाची प्रश्नावली": गरज का नुसतं खूळ?

रंकाळाकाठ: लेकीच्या शाळेत पालकसभेला काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, ईटिंग डिसऑर्डरची, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजाराची लक्षणं बघायला आठवी-नववीला २६ प्रश्नांचा कागद देणार. जाड व्हायची भीती वाटते का, खाल्ल्यावर अपराधी वाटतं का असलं सगळं. मला काय पटलं नाही, जिच्या डोक्यात हे नाहीच तिच्या डोक्यात आपणच कशाला घालायचं?

पेठेतला_गडी: बरोबर बोललासा. कोल्हापुरात कुठलं पोरगं उपाशी ऱ्हातंय? पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागत्यात. तालमीत आम्ही स्पर्धेआधी प्लॅस्टिकचा कोट घालून पळून वजन उतरवायचो, मग आम्ही पण आजारीच काय?

शाहूपुरीची_आई: दादा, वजनं झाल्यावर जेवायचासा न्हवं? माझा मुलगा जेवतच नव्हता. भाकरी कुस्करून ताटाच्या कडेनं पसरायचा, लांबून बघितलं की खाल्ल्यासारखी दिसायची. आम्हाला वाटलं फुटबॉलसाठी फिटनेस चाललाय. वजन दोनच किलो घटलेलं म्हणून मी निवांत, पण डॉक्टरांनी जुने आकडे मागितले तर वर्षात उंची ७ सेंटीमीटर वाढलेली, म्हणजे वजन वाढायला पाहिजे होतं ते उलट कमी. नाडी बघितली तर ५० च्या खाली. लगेच ॲडमिट.

पेठेतला_गडी: वाईट वाटलं ताई. पण कागदानं हे कळलं असतं?

शाहूपुरीची_आई: छे! सगळीकडं "कधीच नाही" वर टिक करून मोकळा झाला असता.

ओपीडीतला_हमाल: मुलांच्या वॉर्डात काम केलंय म्हणून बोलतो. तो कागद म्हणजे चाळण, निदान नव्हे. २० किंवा त्याच्या वर मार्क आले तर पोराला वेगळं आणि आईबापाला वेगळं बसवून विचारायचं, खरं काम तिथं. १९९९ ची पाच प्रश्नांची स्कॉफ चाचणी पण आहे, त्यात तीन महिन्यांत एक स्टोन म्हणजे जवळपास साडेसहा किलो वजन गेलं का असं विचारतात. आता बारा वर्षांच्या पोराचं साडेसहा किलो जाईपर्यंत वाट बघत बसायचं व्हय? आणि काही पोरांना जाड व्हायची भीती नसतेच, घास घशात अडकेल म्हणून खात नाहीत. त्याला २०१३ पासून आरफिड असं वेगळं नाव आहे, ती पोरं या २६ प्रश्नांत सापडणं अवघड. तरी रंकाळाकाठ, डोक्यात घालायचं म्हणाल तर ते काम रील्सनी कवाच केलंय, तेवढ्यासाठी कागद नको म्हणू नका.

रंकाळाकाठ: बरं, विरोध जरा मागं घेतो. काल लेकीचं हेल्थ कार्ड काढून बघितलं, पाचवीपासून उंची-वजनाच्या रकान्यात तेच आकडे उतरवून ठेवलेत, पोरगी तेवढ्यात माझ्या खांद्याला लागली. मॅडमना आधी हे विचारतो, २६ प्रश्न मग बघू.