ओळख हरवलेल्या माणसाचा रहस्यपट: एका ठिकाणी आधीच ओळखला, दुसऱ्या ठिकाणी शेवटच कळला नाही. काय बदलू?

तिसरंगेट
९८ मिनिटांचा स्वतंत्र सिनेमा आहे, मराठी आणि थोडं कानडी. २००८ साली बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढा स्टेशनवर एक माणूस सापडतो. नाव-गाव काही आठवत नाही. खिशात अर्धा फाटलेला शाळेचा दाखला, तोही कानडीत. तो कोण, हे शेवटच्या दहा मिनिटांत उघड होतं. बेळगावच्या टिळकवाडीत दाखवला तेव्हा बऱ्याच जणांनी मध्यंतराआधीच माणूस ओळखला. निपाणीत म्हणाले, शेवट डोक्यावरून गेला. एका काकांचा सवाल होता, "आधारला अंगठा लावला असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं की." पुढचा खेळ खानापूरला. एडिट लॉक, म्हणजे संकलन पक्कं, केलेलं नाही. प्रतिक्रिया घ्यायच्या कशा आणि त्यावरून बदलायचं काय?

एडिट_टेबल
"कळला का, आवडला का" हे दोन प्रश्न रहस्यपटाला निकामी आहेत. चारचौघांत "कळला नाही" कोणी म्हणत नाही आणि दिग्दर्शकाच्या तोंडावर "आवडला नाही" तर त्याहून नाही. खानापूरला ३० ते ४० माणसं बोलवा, युनिटचे पाहुणे-रावळे नकोत. निम्मी मराठी शाळेत शिकलेली असू देत, निम्मी कानडी. सिनेमा संपला की दिवे लावून आधी कागद वाटा, चर्चा नंतर. चर्चा आधी झाली तर जो पहिल्यांदा मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांच्या कागदावर उतरतं.

कागद एका बाजूचा, वेळ दहा मिनिटं. गोष्ट चार ओळींत लिहा. हा माणूस कोण, याचा पहिला अंदाज कुठल्या प्रसंगात आला? तो अंदाज पुढे बदलला का, कशामुळे? कंटाळा कुठे आला? काय उलगडलं नाही? मिनिटं विचारू नका, अंधारात घड्याळ कोण बघतं. प्रसंग विचारा, मिनिटं तुम्ही टाइमलाइनवर लावा.

सगळ्यात मोलाच्या त्या चार ओळी. ज्याने वेगळीच गोष्ट लिहिली, तो कुठल्या प्रसंगापासून भरकटला ते त्यातच सापडतं. तक्रार शेवटाची असते, पण दोष बऱ्याचदा पहिल्या तासात असतो. जो धागा लक्षातच राहिला नाही, तो शेवटी ओढून काय हाती लागणार? म्हणून कृपा करून शेवटाला खुलाशाचे फ्लॅशबॅक जोडू नका. दाखल्याचा पहिला शॉट किती सेकंदांचा आहे ते सांगा.

तिसरंगेट
दोन सेकंद. हातात घेतो, घडी करतो.

घाटमाथा
मग निपाणीचं उत्तर तिथेच मिळालं. आपल्याकडे मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या पिढीला कानडी बोललेलं समजतं, पण वाचायला वेळ लागतो, काहींना अक्षरओळखही नसते. दोन सेकंदांत त्यांना नुसता कागद दिसला. शॉट पाच सेकंदांवर न्या आणि पुढच्याच प्रसंगात स्टेशनवरच्या एखाद्या माणसाला तो अडखळत वाचायला लावा. गावाचं अर्धं नाव कानावर पडलं की पुरे. खाली मराठी सबटायटल देऊन सगळं सांगून टाकू नका. आणि सबटायटलमध्ये बोलणाऱ्याचं नाव आधी लिहायची पद्धत असेल तर शेवटापर्यंत ती बंद ठेवा, नाहीतर रहस्य पडद्याच्या तळाशीच फुटतं.

टिळकवाडीचं कारण उलटं असावं. तिथलं पहिलं रेल्वे गेट कुठे दिसतंय का सिनेमात?

तिसरंगेट
हो, २२व्या मिनिटाला. त्याला एक घर बघून काहीतरी आठवतं, तिथे मागे गेट आहे.

घाटमाथा
तेच. निपाणीच्या माणसाला ते कुठलंही फाटक. टिळकवाडीच्या माणसाला मात्र गल्ली, घर आणि माणूस एकदम कळले. तो शॉट इतका क्लोज करा की फक्त दार आणि पायरी उरेल. गेट हवंच असेल तर तासाभरानंतर आणा. गाड्यांच्या पाट्याही तपासा: केए-२२ बेळगाव, केए-२३ चिक्कोडी, केए-२४ बैलहोंगल, एमएच-०९ कोल्हापूर. सीमाभागातला प्रेक्षक पाटीवरून माणसाचं गाव काढतो, पुण्या-मुंबईचा तिकडे बघतही नाही.

आता आधारवाल्या काकांबद्दल. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तुमच्या २००८ मध्ये आधारच नाही. काका चुकलेले नाहीत, त्यांना काळ दिसलाच नाही. "सन २००८" अशी पट्टी एकदा येऊन गेली तर उशिरा आत आलेल्याला ती मिळत नाही. काळ वस्तूंतून दिसू दे: बटणांचा फोन, जुनी पाचशेची नोट, एसटीडी बूथ. आणि उलट बाजूने चाळून बघा. बेळगावचं इंग्रजी नाव सरकारी पातळीवर १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, तेव्हा इंग्रजीत किंवा मराठीत 'बेळगावी' लिहिलेली एकही पाटी नको. हायवेच्या ड्रोन शॉटमध्ये सुवर्ण सौध, म्हणजे बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं भवन, असेल तर कापा, त्याचं उद्घाटन २०१२ चं. साध्या सिनेमात अशी चूक खपून जाते. रहस्यपटात प्रेक्षक फ्रेममधली प्रत्येक गोष्ट मुद्दाम ठेवलेली आहे असं धरून चालतो, त्यामुळे चुकीची पाटी त्याला धागा वाटते आणि तो भलत्याच वाटेने जातो.

आवाजवाला
"कळलं नाही" म्हणजे कधी कधी "ऐकू आलं नाही". निपाणीत लॅपटॉपवरून ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची, फाइल दोन स्पीकरवर लावली होती का? डाउनमिक्स, म्हणजे सहाचे दोन चॅनल करणं, नीट झाला नाही तर मधला चॅनल गळतो, आणि संवाद बहुतेक त्यातच असतात. पार्श्वसंगीत छान वाजतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. वेगळा स्टीरिओ मिक्स करून न्या. मागच्या रांगेत बसून सगळ्यात हळू संवाद ऐका. हॉल घुमत असेल तर ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, आवाज नुसता वाढवून घुमणंच वाढतं. लोंढ्याच्या रात्रीच्या शॉटसाठी खिडक्यांना काळं कापड लावा. १२ फूट रुंद पडद्याला पूर्ण अंधारात प्रोजेक्टरचे ३००० लुमेन पुरतात, उजेड आत येत असेल तर ५०००ही फिके पडतात.

खेळ निमंत्रितांपुरताच ठेवा, तिकीट नको. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शन १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात बसत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर कापाकापी केली तर बोर्डाकडे परत जावं लागतं, तेव्हा हे सगळं त्याआधी उरका.

न्यूरो_वाचक
त्याची स्मृती कशाने गेली? डोक्याला मार लागून असेल तर प्रेक्षकांतला एखादा डॉक्टर अडवणारच. माराने सहसा अपघाताच्या आगेमागचा काळ पुसला जातो, स्वतःचं नाव नाही. नाव-गाव विसरून परगावी सापडणं, आणि तरी तिकीट काढता येणं, पैशांचा हिशेब करता येणं, हे मानसिक आघातानंतरच्या स्मृतिभ्रंशाशी जास्त जुळतं. त्याला डिसोसिएटिव्ह फ्यूग म्हणतात. तुमच्या कथेला तेच बसतं. डोक्यावरची पट्टी काढा. दुसऱ्यांदा मार लागून स्मृती परत येणं तर मुळीच नको.

तिसरंगेट
पट्टीचा एकच प्रसंग आहे, निघेल. ५.१ चीच फाइल होती. खानापूरसाठी कागद मराठीत आणि कानडीत वेगवेगळे छापतो.

एडिट_टेबल
वेगवेगळे नकोत. एकाच पानावर दोन्ही लिपी छापा. नाहीतर कोणाला कुठला कागद द्यायचा, ते दारातल्या पोराला माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागेल.