गॉस्पेलचं रीमास्टर कानाला टोचतंय, जुन्या रेकॉर्डशी तुलना कशी करावी?

पंचवटी_३३:
मंडळी, गॉस्पेल (अमेरिकेतली ख्रिस्ती भक्तिगीतं) गाणाऱ्या महालिया जॅक्सनच्या दोन मोनो (एकाच वाहिनीच्या) एलपी, १९८० च्या दशकातल्या काही गॉस्पेल सीडी आणि स्ट्रीमिंगवरची नवी रीमास्टर्स (जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्याने तयार केलेल्या प्रती) असं सगळं जवळ आहे. रीमास्टर पहिल्या मिनिटाला भारी वाटतं, दोन गाण्यांनंतर कान थकतात. जुनी सीडी प्लेअरवर छान वाजते, पण तीच रिप केली (कॉम्प्युटरवर फाइल करून घेतली) की ‘स’ आणि ‘श’ टोचतात. एलपीवर खरखर आहेच. नाताळच्या आधी शरणपूर रोडवरच्या हॉलमध्ये क्वायरच्या (गायकवृंदाच्या) मुलांना ऐकवायचंय. कुठली प्रत लावू?

लेव्हल_आधी:
प्रत ठरवण्याआधी आवाजाची पातळी सारखी करा. एका डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं कानाला ‘चांगलं’ वाटतं, आणि रीमास्टर बहुतेक वेळा त्याहून बरंच मोठं असतं. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल्स घ्या, एकाच गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापा आणि ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ −२३ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) लावा. −१४ वर नेऊ नका. जुन्या प्रतीत शिखरं उंच असतात, ती तिथे क्लिप होतील (टोकं कापली जातील) आणि दोष उगाच जुन्या प्रतीवर येईल.

आता वेव्हफॉर्म बघा. एकटी गायिका आणि मागून उसळणारा क्वायर, दोन्ही एकाच उंचीचे दिसले आणि वरची टोकं कापल्यासारखी सपाट असली, तर लिमिटर (शिखरं दाबणारी प्रक्रिया) जास्त ताणलाय. गॉस्पेलमध्ये सगळा जीव त्या चढण्यात असतो. तोच गेला तर बाकीची स्वच्छता काय कामाची? कान थकतात तेही यानेच.

टेकही (त्याच वेळी गायलेलं रेकॉर्डिंग) तीच आहे ना, ते तपासा. अ‍ॅरिथा फ्रँकलिनचा १९७२ चा गॉस्पेल अल्बम १३ आणि १४ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये रेकॉर्ड झाला. मूळ डबल एलपीत त्यातली निवड आहे, १९९९ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत दोन्ही रात्री आहेत. पहिल्या रात्रीचं गाणं दुसऱ्या रात्रीच्या गाण्याशी ताडून रीमास्टरबद्दल काहीच कळणार नाही.

रिप_वाला:
दादा, तुमच्या सीडीचा दोष नाही, ते प्री-एम्फसिस आहे. सुरुवातीच्या काही सीडींवर (जपानी प्रतींत जास्त) वरच्या स्वरपट्ट्या मुद्दाम चढवून भरायचे, ५०/१५ मायक्रोसेकंदांच्या वळणाने. १० किलोहर्ट्झला ही वाढ साडेसात डेसिबलच्या आसपास जाते. प्लेअर खूण वाचून ती आपोआप उतरवतो, रिपिंगचं सॉफ्टवेअर सहसा उतरवत नाही. रिपबरोबर बनणाऱ्या क्यू फाइलमध्ये ‘फ्लॅग्ज प्री’ दिसतंय का बघा. कधी ही खूण फक्त सबकोडमध्ये (सीडीवर गाण्यासोबत भरलेल्या माहितीत) असते आणि साधं सॉफ्टवेअर ती वाचतच नाही, म्हणून प्लेअरचा आवाज हाच खरा पुरावा. सॉक्स (SoX) या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीएम्फ’ इफेक्ट आहे, ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर एकदाच चालवा. ट्रेबल हाताने कमी करू नका, ते वळण जुळत नाही.

खाच_आणि_सुई:
एलपीबद्दल. मोनो खाच सुईला फक्त आडवी हलवते, उभ्या हालचालीतून येते ती धूळ आणि झीज. अ‍ॅम्पचं मोनो बटण दाबा, किंवा फाइलमध्ये डावं-उजवं एकत्र करा. उभा भाग एकमेकांत कटतो आणि गाण्याला धक्का न लागता खरखर बरीच उतरते. नॉइज रिडक्शनला हात लावण्याआधी हे कराच.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल विनाइलला चालतं, पण ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकडीला थेंबही नको, लाख विरघळते. अपोलो कंपनीच्या काळातल्या (१९४६–५४) महालियाच्या ७८ मिळाल्या तर सुईही वेगळी लागेल: साधारण ७५ मायक्रॉन. एलपीची १८-२५ ची सुई तिथे खाचेच्या तळाशी घासते आणि नुसता कचरा वाचते.

रीमास्टरमधला हिस (टेपची सूं) किती काढलाय ते दोन ओळींमधल्या श्वासाच्या जागी ऐका. गायिका थांबली की मागचा हॉल एकदम नाहीसा होतो आणि ती गायला लागली की परत येतो, असं असेल तर ती प्रत सोडा. हिसबरोबर चर्चची घुमणारी हवाही पुसली गेलीय. हिस राहू दिलेलं रीमास्टर त्याच्यापेक्षा केव्हाही चांगलं.

पंचवटी_३३:
डीएम्फने ‘स’ सुधारला, आभार. एक पुनर्मुद्रित एलपी मात्र मोनो केली की पोकळ वाजते. का?

खाच_आणि_सुई:
कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ असं काही आहे का? १९६० च्या दशकात मोनो टेपचं नकली स्टिरिओ करायचे: एका बाजूला खर्ज, दुसरीकडे वरचे स्वर, कधी थोडा विलंब. दोन्ही मिसळले की काही स्वर एकमेकांना खातात. डावं आणि उजवं वेगवेगळं ऐका, जे भरीव वाटेल ते एकटंच दोन्ही स्पीकरांना द्या. त्या अल्बमची अस्सल मोनो प्रत मिळाली तर तीच घ्या.

लेव्हल_आधी:
हॉलमध्ये स्ट्रीमिंगवरून लावणार असाल तर अ‍ॅपमधलं नॉर्मलायझेशन ‘लाउड’वर ठेवू नका. आणि टर्नटेबलचा वेग स्ट्रोब डिस्कच्या (रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर असं दाखवणारी चकती) ५० हर्ट्झच्या कड्यावर बघा, परदेशी डिस्कवर ६० चंही कडं असतं. वर तारेचा पिवळा बल्ब धरा, बऱ्याच एलईडींखाली रेघा नीट दिसत नाहीत. लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर हे तपासू नका, त्याची फ्रीक्वेन्सी नेमकी ५० असेलच असं नाही.