मदत हवी आहे: बाबांची बीपीची गोळी आणि पायावरची सूज

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळकडचे, खेड्यातले. बाबा 61 वर्षांचे, रोज वावरात जातात. दिवाळीआधी आशाताईंनी उपकेंद्रावर नेऊन बीपी मोजलं तर 178/104. आठ दिवसांनी पुन्हा 170 च्या वर. डॉक्टरांनी अमलोडिपिन 5 रोज एक दिली. महिन्यात 138/86 वर आलं आणि बाबांनी गोळीच सोडली! "मले काही होतच नाही, तं गोळी कायले?" बीपी दुखत नसतं, हे पटवता पटवता माझंच वाढेल.

दुसरं कारण सूज. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्याखाली उमटलेला असतो, बोटानं दाबलं की खड्डा राहतो. सकाळी बरीच उतरते. या गोळीनं असं होऊ शकतं, असं मेडिकलवाला म्हणाला. पण हृदय किंवा किडनीमुळंही येते ना? दम लागत नाही, रात्री सपाट झोपतात. ईसीजीत हृदयाची डावी बाजू जाड वाटते म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला आहे.

कोणाच्या घरी अशी सूज गोळी बदलून उतरली का? इकोसोबत किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासायला सांगावं का? घरी मशीन दंडाचं घ्यावं की मनगटाचं? बाबांचा दंड जाड आहे, लहान पट्ट्यानं आकडा जास्त दिसतो म्हणे.

सध्या डॉक्टरांना फोनवर विचारून गोळी परत सुरू केली आहे. मंगळवारी इकोला जाऊ. आणि हो, जेवताना ठेचा-लोणचं ज्यानं सोडवून दाखवलं असेल त्यानं आधी सांगा.