चौथरा काढला की पुतळ्याचा मान जातो का?

आडवाटेची
क्रोएशियाची राजधानी झाग्रेब, तिथल्या व्लाश्का रस्त्यावर जाहिरातींच्या गोल खांबाला टेकून एक माणूस उभा आहे. ब्राँझचा. हा आउगुस्त शेनोआ, क्रोएशियन कादंबरी ज्याच्यापासून मोजतात तो. जन्म १८३८चा, याच रस्त्यावरचा. १८८०च्या नोव्हेंबरात झाग्रेबला मोठा भूकंप झाला, तेव्हा नगरपालिकेचा माणूस म्हणून ऐन थंडीत पडझड बघत हिंडला. आजारी पडला तो उठलाच नाही, पुढच्याच वर्षी गेला.

पुतळा मारिया उयेविच-गालेतोविच (१९३३-२०२३) यांचा. १९५८ला झाग्रेबच्या कला अकादमीतून बाहेर पडल्या आणि १९८७पासून तिथंच शिल्पकला शिकवू लागल्या. हा शेनोआ त्याच सुमाराचा. चौथरा नाही, साखळ्या नाहीत, चढायला पायऱ्या नाहीत. खांबावर त्याच्याच ओळी.

माझं म्हणणं, शहराच्या लेखकाचं स्मारक असंच हवं. तिथून जवळच मुख्य चौकात बान (म्हणजे क्रोएशियाचा राज्यपाल) येलाचिच, १८४८ला हंगेरीविरुद्ध लढलेला, घोड्यावर बसून तलवार रोखून आहे (शिल्पकार फर्नकॉर्नचं काम, १८६६). घोडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण स्वाराचं नाक कसं आहे ते सांगा बघू! तुम्हाला काय वाटतं?

रिकामा चौथरा
साफ असहमत. चौथरा म्हणजे अहंकार हे फारच सोयीचं समीकरण झालं. चौथरा एवढंच सांगतो की बाबा रे, जरा थांब, हा कोण ते वाच. तुमच्या शेनोआच्या खांद्यावर हात टाकून पर्यटक फोटो काढतात आणि नाव न वाचता कॉफी प्यायला जातात. ही सलगी झाली. मान वेगळा.

आणि यात नवीन ते काय? शिल्पकार इवान कोझारिचनं कवी मातोशला झाग्रेबच्याच वरच्या गावातल्या बाकावर १९७८लाच बसवलं होतं. बाईंनी रुळलेली वाट धरली, बस.

शाडू आणि साचा
रुळलेली वाट? मातीत हात घालून बघा, मग बोला.

उंचावरचा पुतळा खालून दिसतो, त्यामुळे डोकं मुद्दाम मोठं करतात, बारकावे सोडून देतात. वीस फुटांवरून कोण बघतंय? जमिनीवरच्या पुतळ्याला ही पळवाट नाही. माणूस हातभर अंतरावर येतो आणि कोटाची घडी चुकली तर त्याला लगेच दिसते. शिवाय उघड्यावर अगदी माणसाच्या मापाचा पुतळा केला तर तो बुटका वाटतो, म्हणून मापापेक्षा किंचित वाढवावा लागतो. किती, हे नजरेनं ठरवायचं, आणि तिथंच भलेभले आपटतात.

त्यात टेकून उभा असलेला माणूस! सगळं वजन एका बाजूला, खांद्याची रेघ कललेली, तरी पडतोय असं वाटता कामा नये. बाकावर बसलेल्या मातोशपुढे हा प्रश्नच नव्हता. तेव्हा दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

वाटसरू
चौथऱ्यानं मान टिकतो म्हणणाऱ्यांनी येलाचिचचंच पुढचं बघावं. १९४७ला तो उतरवला, तुकडे तळघरात गेले. १९९०ला परत आणला, पण पूर्वी उत्तरेकडे, म्हणजे हंगेरीकडे तोंड होतं, आता दक्षिणेकडे आहे. चौथरा होता म्हणून सत्तेचा डोळा चुकला का? शिल्पकार वोयिन बाकिचचं क्रोएशियातल्याच कामेन्स्काचं स्मारक तर सुमारे ३० मीटर उंच, चकचकीत पोलादी. १९९२ला सुरुंग लावून उडवलं. शेनोआच्या वाटेला कोणी गेलं नाही.

रिकामा चौथरा
@वाटसरू, कारण शेनोआ कुणाला नको नव्हता! बाकिचचं स्मारक दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्टविरोधी लढ्याचं होतं, आणि नव्वदीत नेमकं तेच डोळ्यांत खुपत होतं. ते रस्त्याच्या पातळीला असतं तरी फोडलंच असतं. उंचीचा संबंध नाही.

वाटसरू
हा मुद्दा मान्य. मग उंचीनं मान येतो हा तुमचा मुद्दाही गेला ना? 😀

मंगळवारपेठी
कृपया आपल्याकडच्या पुतळ्यांच्या उंचीवर कोणी घसरू नका, धागा दोनशेवर जाईल आणि शेनोआ कोण ते सगळे विसरतील.

सुईदोरा
सगळे पुरुषांच्याच पुतळ्यांवर भांडताय. मारियाबाईंनी शेनोआ केला, २००४ला लेखक क्रलेझाही केला. म्हणजे बाईला छिन्नी मिळाली, तरी घडवायला लेखक मिळाले ते बाप्येच. त्यांच्या आधीच्या मिला वोद (१८८८-१९६८), ज्यांचं नाव रीतसर शिकलेली पहिली क्रोएशियन शिल्पकार बाई म्हणून घेतात, त्या पेत्रिन्या गावात राहिल्या आणि तिथंच गेल्या. किती जणांनी नाव ऐकलंय?

आडवाटेची
@सुईदोरा, पत्रकार-कादंबरीकार मारिया युरिच झागोर्का आहे की त्काल्चिचेवा रस्त्यावर, हातात छत्री घेऊन. तीही लोकांच्यातच उभी आहे. १९९१चा पुतळा.

सुईदोरा
आहे, पण केला स्त्येपान ग्राचाननं. आणि नेमकी इथंच मी तुमच्या विरोधात. झागोर्का घराघरात वाचली गेलेली. शेनोआ तर शाळेच्या पुस्तकातला. लोक ओळखतात म्हणून ही माणसं फुटपाथवर उभी राहू शकतात. ज्याचं नाव आधीच मोठं आहे त्यालाच चौथरा सोडणं परवडतं. मिला वोदला खांबाला टेकवून उभं केलं तर लोक समजतील, बसची वाट बघतेय.

रिकामा चौथरा
+१. दोन प्रतिसादांपासून हेच सांगत होतो, इतकं नेमकं जमलं नाही.

शाडू आणि साचा
+१ नाही. चौथऱ्यावर चढवून अनोळखी माणूस ओळखीचा होत असता तर युरोपातल्या निम्म्या बागांमधल्या सेनापतींची नावं आपल्याला पाठ असती. वोदबाईंना उभं करायचंच असेल तर मातीचा गोळा हातात देऊन, काम करताना दाखवा. कोण आहे ही, असं पोरंच विचारतील.

सुईदोरा
आणि सांगणार कोण? पाटी तरी लावाल ना?