प्रतिसाद: जुना गोठा पाडायचा की दुरुस्त करायचा?

गोठा पाडून पत्र्याची शेड बांधा, नाहीतर भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, असे दोन सल्ले वर आलेत. दोन्हीला माझा विरोध.

जांभ्याच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच, त्यात गोठ्यातल्या मुताचे क्षार. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच अडकते, क्षार साचतात, चिरा (जांभ्याचा कापीव दगड) भुरभुरतो आणि गिलावा पापुद्र्यासकट सुटतो. चिऱ्यांमधले सांधे भरायला 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग चाळलेली नदीची वाळू घ्या (खाडीची नको, ती खारट). जुना सैल माल इंचभर खरवडून काढा, सांधा भिजवा, मग भरा. पूर्वी हा चुना शिंपल्या भाजून करत.

लाकडी खांब वरून ठणठणीत दिसतो, बुंधा मात्र कुजलेला असतो. तळखड्यालगत (खांबाखालच्या दगडालगत) स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड संपलं. खांबावरच्या आडव्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या, मगच कुजका भाग कापा आणि खाली तेवढ्याच उंचीचा घडीव चिरा बसवा. ऐन, किंजळ या झाडांचे वासे असतील तर बहुतेक वाचतात. भिंतीवर टेकलेली टोकं तेवढी तपासा, पहिली कुज तिथेच.

मंगलोरी कौलं (ती करणारा बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा मंगळूरचा कारखाना 1865चा) फेकू नका. मे महिन्यात उतरवून शेवाळ घासा, बोटाने वाजवून तडकलेली वेगळी काढा. नवी आणताना जुनं कौल नमुन्याला न्या. साचा वेगळा असेल तर खाचा जुळत नाहीत. पत्र्याखाली एप्रिलमध्ये गुरं नुसती धापा टाकतात.